एसीवाल्याचं नाव बुक्रा

मी एका माणसाचं गावातलं टोपणनाव अकरा ऑस्ट्रेलियन लोकांना सांगितलं. त्याच्या माघारी सांगितलं. तो तेव्हा वीस पावलांवर नमाज पढत होता.

तो आणि मी एकाच खाडीचे. त्याच्या काठावर मुसलमान वस्ती, माझ्या काठावर आमची, आणि मधे तर, म्हणजे माणसं ने-आण करणारी होडी. शाळा त्याच्या बाजूला होती, म्हणून आम्ही तरीतून जायचो. बाजार आमच्या बाजूला होता, म्हणून ते यायचे. मस्कतला आल्यावर आमच्यात खाडी उरली नाही. वादी अदाईत एकाच इमारतीत तो दुसऱ्या मजल्यावर, बायको आणि मुलीसह. मी तिसऱ्यावर, एकटा. तो एसी दुरुस्त करतो. रुवीत त्याचं छोटं दुकान आहे, हाताखाली दोन माणसं आहेत. मी एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर. नटबोल्ट मोजून द्यायचे आणि सही घ्यायची. बोलायला माणूस समोर हवा म्हणून मी हे काम धरून ठेवलंय, असं तो म्हणतो.

आमचा प्रोजेक्ट इंजिनिअर ऑस्ट्रेलियन. थंडीच्या दिवसांत शुक्रवारी दुपारनंतर ही मंडळी आमरातच्या बाजूला एका क्रिकेटच्या मैदानावर जमतात आणि त्यांच्या देशाचा फुटबॉल खेळतात. चेंडू लांबट, शहाळ्याच्या आकाराचा. तो हातात घेऊन पळायचं, पळताना मधेच जमिनीवर आपटायचा, लाथेनं उडवायचा. दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा टेकवून वर झेपावलं आणि चेंडू झेलला, तर त्याला शाबासकी मिळते. आमच्या शाळेत त्याला छड्या मिळाल्या असत्या. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू गेला की सहा गुण. नेम चुकून बाजूच्या बुटक्या खांबांतून गेला तरी एक गुण मिळतो. चुकणाऱ्यालाही काहीतरी हातावर ठेवणारा हा खेळ मला पहिल्या दिवशीच पटला.

त्यांना माणसं कमी पडायची, म्हणून इंजिनिअरनं, म्हणजे त्यांच्या कप्तानानं, कंपनीत विचारलं. मी मित्राला घेऊन गेलो. तो सहा फूट, काटक, छतांवर चढून चढून पाय लोखंडाचे झालेले. पहिल्याच शुक्रवारी तो एका धिप्पाड माणसाच्या खांद्यावरून असा वर गेला की सगळे खेळ थांबवून बघत राहिले. मला त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पांढरा कोट दिला. गोल झाला की खांबांमधे उभं राहून दोन झेंडे हलवायचे, चुकला की एक. मी तीन हिवाळे झेंडे हलवतोय.

आता त्यांच्या नावांविषयी सांगायला हवं. त्या मैदानावर कोणाला आईबापांनी ठेवलेल्या नावानं हाक मारत नाहीत. लाल केसांचा आहे त्याला ‘ब्लू’ म्हणतात. टक्कल पडलंय तो ‘कर्ली’. ज्याच्या खांद्यावरून माझा मित्र गेला होता, तो दरवाजात न मावणारा गडी ‘टायनी’. एक जण अख्ख्या दुपारी चार शब्द बोलतो, तो ‘रेडिओ’. जे असेल त्याच्या उलट म्हणायचं, ही त्यांच्याकडची जुनी गंमत. आणि नियम असा की आपलं नाव आपण ठेवायचं नाही, आणि दुसऱ्यांनी ठेवलं तर नाकारायचं नाही. नाक मुरडलंस की ते नाव कायमचं चिकटलं.

मला हे कळायला वेळ लागला. पहिल्या महिन्यात कप्तानानं मैदानाच्या गेटवर द्यायला यादी करायला सांगितली. मी ऐकली होती ती नावं सुवाच्य अक्षरात लिहिली: ब्लू, कर्ली, टायनी, रेडिओ. गेटवरच्या बलुची रखवालदारानं एकेकाचं कार्ड मागितलं. एकाचंही नाव जुळेना. अकरा उघड्या पायांची माणसं पाऊण तास उन्हात उभी. रखवालदार मला म्हणाला, “ये रेडिओ कौन है? आदमी है या सामान है?”

टोपणनावं आमच्याकडेही होती. पण आमच्या खाडीवर नाव माणसाला लागत नसे, घराला लागायचं. एखाद्याचा आजा एकदा झाडावरून पडला की त्याचा नातू कलेक्टर झाला तरी ‘पडक्याचा’. त्यात प्रेम नसायचं असं नाही. पण ऑस्ट्रेलियन माणूस खेळ संपला की नाव बुटांबरोबर पिशवीत टाकून घरी जातो. आमच्याकडे ते नाव घेऊनच जेवायला बसावं लागायचं, हा फरक मी तेव्हा ध्यानात घेतला नाही.

माझ्या मित्राचं घर म्हणजे ‘उद्याचं घर’. त्याचे वडील टेलर. कापड द्यावं तर हसून घ्यायचे, मागायला जावं तर म्हणायचे, “उद्या.” एका वर्षी ईदचे कपडे शिवून झालेच नाहीत. गावातली पोरं जुन्या कपड्यांत नमाजाला गेली. तेव्हापासून वडील ‘उद्याटेलर’ आणि हा ‘उद्याचा पोर’. तरीत बसला की नावाडीसुद्धा विचारायचा, “काय रे उद्याच्या, तर आज सोडू की उद्या?” आम्ही सगळे हसायचो. मीही. मला वाटतं मी जरा जास्तच.

तो हसायचा नाही. तो मस्कतला आला आणि कामाच्या बाबतीत ‘उद्या’ हा शब्द त्यानं तोंडातून काढून टाकला. अख्खं रुवी ज्या एका शब्दावर चालतं, अरबीतला उद्या, बुक्रा, इन्शाल्ला बुक्रा, तो त्याच्या दुकानात ऐकू यायचा नाही. रात्री फोन आला तरी तो शिडी घेऊन निघायचा. वीस वर्षांत मस्कतमधल्या एकाही माणसाला त्याच्या घराचं नाव माहीत नव्हतं. एक मी सोडून.

तर त्या शुक्रवारी खेळ संपला, सगळे बर्फाच्या पेटीभोवती बसले आणि हा मगरिबच्या नमाजाला मैदानाच्या कडेला गेला. टायनी म्हणाला, “याला अजून नाव नाही. तीन वर्षं झाली, लाज वाटायला हवी आपल्याला.”

कप्तान माझ्याकडे वळला. “तू याला लहानपणापासून ओळखतोस ना? काहीतरी असेलच.”

अकरा माणसं माझ्याकडे बघत होती. तीन वर्षं मी तिथे झेंडे हलवत होतो. इतके डोळे एकदम माझ्याकडे कधी लागले नव्हते. मी सांगायला लागलो. टेलर आला, त्याचं हसू आलं, ‘उद्या’ आला. आणि लोक हसायला लागले की माझ्या तोंडाला ब्रेक राहत नाही. पोरं चाळीस झाली. एक नवरदेवही मी घातला, शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या शर्टात निकाहाला बसलेला. असा कोणी नवरदेव त्या साली गावात नव्हता. रेडिओसुद्धा हसला. कोणीतरी म्हणालं, “आणि हा तर वेळेच्या आधी येतो!” झालं. उलट नाव आपोआप तयार होतं. उद्याला इथे काय म्हणतात, हे मस्कतमधल्या मांजरालाही माहीत आहे.

तो टोपी घडी करत परत आला, आणि सगळे एका सुरात ओरडले, “बुक्रा!”

त्यानं हसून हात वर केला. मग माझ्या शेजारी बसून हळूच विचारलं, “काय झालं?”

“नाव मिळालं तुला.”

“बुक्रा? मला? का?”

“तू कधी काही उद्यावर टाकत नाहीस म्हणून. यांच्यात उलटं ठेवतात ना.”

मी बोललो ते खोटं नव्हतं. त्यातला अर्धा भाग मी गिळला होता, एवढंच. त्यानं माझ्याकडे जरा बघितलं आणि पाण्याची बाटली उघडली.

पुढच्या शुक्रवारी कर्लीनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मोकळेपणानं विचारलं, “बुक्रा, तो नवरदेव शेवटी काय घालून बसला रे?”

मी खांबांमधे होतो. तिथूनही मला त्याचा चेहरा दिसला. त्यानं खेळ पूर्ण केला, मग कर्लीकडून सगळी गोष्ट ऐकून घेतली. परत येताना गाडी तोच चालवत होता. वादी अदाईच्या घाटातल्या शेवटच्या वळणावर म्हणाला, “चाळीस म्हणालास?”

“अंदाजे.”

“सात पोरं होती. मी मोजलेली आहेत. माझ्याच वर्गात बसायची.” गाडी इमारतीखाली लावली तरी त्यानं इंजिन बंद केलं नाही. “अब्बांना मोतीबिंदू झालेला. कोणाला बोलले नाहीत. टेलरला दिसत नाही कळलं तर कापड कोण देणार? सुईत दोरा मी ओवायचो. शाळा सुटल्यावर. दहा-बारा सुया ओवून गादीला टोचून ठेवायचो, त्या संपल्या की काम थांबायचं. म्हणून उद्या म्हणायचे. उद्या म्हणजे माझी शाळा सुटल्यावर.”

“आणि त्या ईदला?”

“त्या ईदला मी मामाकडे गेलेलो. आठ दिवस. मीच हट्ट धरलेला.”

मग इंजिन बंद करून तो जिना चढून गेला.

ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेल. गावात, मुंबईत, आता इथे मैदानावर. दरवेळी लोक हसले, आणि दरवेळी मी मनातल्या मनात म्हणालो, काय रंगवतो मी. पण टेलर ‘उद्या’ का म्हणतो, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. हसू आलं की माणसाचं विचारायचं काम तिथेच संपतं, निदान माझं तरी. सुया टोचलेली ती गादी मी स्वतः पाहिली होती. माझी शाळेची खाकी चड्डी तिथेच शिवली होती, तीही वेळेवर.

तो पुढचे दोन शुक्रवार आला नाही. इथवर गोष्ट माझ्या लाजेपुरती होती. पण त्याच सुमाराला त्याच्या घरात दुसरं काही चाललं होतं. रुवीतल्या मोठ्या इमारतींची एसीची कामं एकेक करून मोठ्या कंपन्यांकडे गेली होती. दुकानात फुटकळ काम उरलं होतं. त्याच्या बायकोनं मला जिन्यात सांगितलं, “भावजी, परीक्षा झाली की आम्ही दोघी गावाला जाणार बहुतेक. हे इथे एकटे राहतील.” मुलगी आठवीत. मैत्रिणींशी इंग्रजीत बोलते, घरी मराठी बोलताना शब्द शोधत थांबते. तिला आता गावच्या शाळेत जावं लागणार होतं, आणि बाजाराला त्याच तरीनं, त्याच वाटेनं. आणि आपल्या घराला तिथे काय म्हणतात हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

एकच आशा होती. इब्राचे एक अर्बाब, म्हणजे बडे ओमानी मालक, आमच्या कंपनीचे गिऱ्हाईक. त्यांच्या चार इमारतींच्या एसींचं वर्षभराचं काम कोणाला तरी द्यायचं होतं. कप्तानानं त्यांच्याकडे माझ्या मित्राची शिफारस करतो म्हणून सांगितलं होतं. मित्र आठ दिवस फोन खिशातून काढून टेबलावर उताणा ठेवून बसायचा. फोन आला नाही.

शेवटी मीच स्टोअरमधे कप्तानाला विचारलं. तो गोंधळलेला दिसला. “मी बोललो ना. मी म्हटलं, तुम्हाला एसीसाठी मस्कतमधला सगळ्यात चांगला माणूस देतो, बुक्रा. ते मोठ्यानं हसले. म्हणाले, असे माझ्याकडे आधीच वीस आहेत. आणि फोन ठेवला. मला वाटलं, खूश झाले.”

त्याला दोष कसा द्यायचा? त्याच्या लेखी ते कौतुकाचं नाव होतं. इब्राच्या म्हाताऱ्यानं मात्र सरळ अर्थ घेतला. उन्हाळा तोंडावर, आणि एसीवाल्याचं नाव ‘उद्या’. मीही फोन ठेवला असता. मी कप्तानाला सगळं समजावून सांगितलं, वडिलांच्या डोळ्यांसकट. त्याचा चेहरा उतरला. तो लगेच फोन काढून बाहेर गेला. कोणाला फोन करतोय, हे मी विचारलं नाही, कारण माझं ठरलं होतं. हे मी केलंय, मीच निस्तरणार. मित्राला काही कळू द्यायचं नाही, काम त्याच्या हातात ठेवायचं आणि मग माफी मागायची. कंपनीच्या ऑफिसातून अर्बाबांची वेळ घेतली: शनिवारी सकाळी नऊ.

साडेसहाला निघालो. वेळ भरपूर होता. इब्राच्या रस्त्यावर एका पेट्रोलपंपाशी कडक चहा आणि पराठा घ्यायला थांबलो. चहावाला मलबारी, हिंदी चांगलं. सकाळी एवढ्या घाईत कुठे, असं त्यानं विचारलं. अर्बाबांपुढे काय बोलायचं त्याची एकदा तालीम होईल, म्हणून मी त्याला सांगायला सुरुवात केली. त्याला गोष्ट आवडली. त्यानं आतून भावाला बोलावलं, भावासाठी मी पहिल्यापासून सुरू केली. दोन ट्रकवालेही थांबले. सुया टोचलेल्या गादीपाशी एकाचे डोळे भरून आले, आणि त्याला तसंच सोडून निघणं मला बरं दिसेना. मग घाईत इब्राचा फाटा चुकला.

सव्वाअकराला मी अर्बाबांच्या मजलिसमधे, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, बूट काढून बसलो. आत छान गार होतं. म्हातारा पांढऱ्या दाढीचा, हिंदी आपल्यापेक्षा सरस. त्यानं काहवा, म्हणजे बिनदुधाची कॉफी, ओतला, खजुराची थाळी सरकवली, आणि विचारलं, “कितने बजे बोला था?”

“नौ.”

“अच्छा.” एवढंच बोलून तो ऐकायला टेकून बसला.

मी बोललो. ऑस्ट्रेलियातली उलट नावांची रीत, लाल केसांचा ब्लू, मैदान, खांब, टेलर, मोतीबिंदू. माझा मित्र कधी उशीर करत नाही, हे मी निदान चार वेळा सांगितलं असेल. पोरांचा आकडा आला तेव्हा मी वीस म्हणालो. सात माहीत असूनही वीस. जीभच तशी वळली आहे.

सगळं संपल्यावर म्हाताऱ्यानं काहव्याचा इवलासा कप, फिंजान, ‘पुरे’ म्हणून हलवून बाजूला ठेवला. “तुझा मित्र आज सकाळी सात वाजता माझ्या दारात उभा होता. शिडी घेऊन. मी फजरच्या नमाजाहून परत येऊन नाश्ताही केला नव्हता.”

मी हातातला खजूर परत थाळीत ठेवला.

“त्या ऑस्ट्रेलियनानं त्याला फोन करून सगळं सांगितलं म्हणे. मला म्हणाला, बुक्रा मीच. हे नाव माझ्या बापाचं आहे, त्यांना दिसत नव्हतं म्हणून पडलं. मी आज आलोय, कुठलं मशीन बंद आहे ते दाखवा.” म्हाताऱ्यानं दोन बोटं वर केली. “दोन मिनिटं. तू कधीपासून बोलतोयस?”

मी घड्याळाकडे बघायचं टाळलं.

“त्याच्या गोष्टीत पोरं सात होती,” तो म्हणाला. मग वर भिंतीवरच्या एसीकडे बोट केलं. “हा रमजानपासून बंद होता. आठ वाजता हा चालू झाला, सव्वाआठला मी चारही इमारतींचं काम त्याला दिलं. खलास. तू जेवून जा.”

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. मुलगी तिच्या शाळेत राहणार होती. पण त्या आनंदात माझा काहीच हात नव्हता, आणि ही गोष्ट पचायला खजुरापेक्षा जड गेली. मी एकशे चाळीस-पन्नास किलोमीटर दुसऱ्याची अब्रू वाचवायला आलो होतो. त्यानं ती माझी वाट न बघता स्वतःच सांभाळली होती, तीही ज्या नावापासून तो आयुष्यभर लांब पळाला तेच नाव दारात उभं राहून सांगून. मी त्याच्यासाठी बोललो नसतो, तरी काही अडलं नसतं. मी मुळातच बोललो नसतो, तर बरंच काही अडलं नसतं.

शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर तो होता. ऊन टळटळीत. बाहेरच्या युनिटचं झाकण काढून शिडीच्या वरच्या पायरीवर उभा, तोंडात दोन स्क्रू. मला बघून त्याला आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही.

“अरे, मी तुझ्यासाठीच आलो होतो,” मी म्हणालो. “अर्बाबांना सगळं नीट समजावून सांगितलं. काय झालं, मी सकाळी निघालो खरा वेळेवर, पण वाटेत एक चहावाला...”

त्यानं स्क्रू तोंडातून काढून हातात घेतले.

“मजलिसचं दार उघडं टाकलेलंस, वीस पोरं मला इथवर ऐकू आली. आता शिडी धर मेल्या, दोन्ही हातांनी, आणि तोंड मीट. त्याचं इथे काही काम नाही.”